प्रीपेड: आधी कंपनी ठरवायची की हँडसेट?

प्रश्न: प्रीपेड कनेक्शन घ्यायचंय. कंपनी स्वतःचा हँडसेट स्वस्तात देतेय. तोच घ्यावा की बाहेरून?

उत्तर १: आधी नेटवर्क. ओळखीच्या कुणाचं त्या कंपनीचं सिम घेऊन घरातल्या सगळ्यात आतल्या खोलीतून कॉल लावा, डेटाही बघा. कव्हरेजच्या नकाशावर विसंबू नका. भिंतीआड ७०० ते ९०० मेगाहर्ट्‌झचे बँड (रेडिओ लहरींचे पट्टे) बरे पोचतात, २३०० चा लगेच ढेपाळतो.

उत्तर २: स्वस्त हँडसेट बहुतेकदा लॉक केलेला असतो, दुसऱ्या कंपनीचं सिम घेतच नाही. अनलॉक कधी मिळतं, त्यासाठी सलग रिचार्ज लागतो का, हे अटींमध्ये वाचूनच पैसे द्या.

उत्तर ३: बाहेरून घेणार असाल तर मॉडेल नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत जुळवा. नाव एकच, पण प्रदेशानुसार बँड वेगळे! *#०६# डायल केलं की १५ आकडी आयएमईआय, म्हणजे हँडसेटचा ओळख क्रमांक, दिसतो. तो देऊन व्होल्टे (फोरजी नेटवर्कवरून होणारे कॉल) चालेल का हे कंपनीला विचारा. टूजी-थ्रीजी बंद झालेल्या ठिकाणी व्होल्टे नसेल तर इंटरनेट सुरू राहतं आणि कॉल मात्र लागत नाही. माझ्या मते सगळ्यात जास्त फसगत इथेच होते.

उत्तर २: आणि वैधता बघा. रिचार्ज करायचा फार काळ राहून गेला तर नंबर जातो, बँकेचे ओटीपी अडकतात.