प्रति: जुन्या सीडी-डीव्हीडीची खात्रीशीर कॉपी

या चर्चेत वर एकाने म्हटलंय की जुन्या डिस्कवरच्या फाइली कॉपी-पेस्ट केल्या आणि आकार जुळला की काम झालं. नाही पटलं. आकार जुळला म्हणजे बाइटांची संख्या जुळली, आतले बाइट तेच आहेत याची ती हमी नव्हे. आधी अख्ख्या डिस्कची आयएसओ इमेज (सगळी डिस्क जशीच्या तशी एकाच फाइलमध्ये) घ्या, फाइली मग त्यातून काढा.

लिनक्सवर त्यासाठी जीएनयू डीडीरेस्क्यू हा खराब डिस्कवरून डेटा वाचणारा प्रोग्रॅम उत्तम. त्याला सेक्टर (डिस्कवरचा वाचण्याचा एक तुकडा) २०४८ बाइटांचा सांगा आणि मॅपफाइल द्यायला विसरू नका. कुठले सेक्टर वाचले, कुठले राहिले याची नोंद त्यात राहते. मग तीच मॅपफाइल देऊन डिस्क दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घातली की फक्त राहिलेले सेक्टर वाचले जातात. एक ड्राइव्ह जिथे अडतो तिथे दुसरा बऱ्याचदा सहज वाचतो, त्यामुळे मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात वेगळ्या कंपनीचा जुना ड्राइव्ह मिळाला तर घेऊन ठेवा.

पडताळणीसाठी दोन ड्राइव्हवर स्वतंत्र इमेज घेऊन त्यांचे एसएचए-२५६ हॅश (फाइलमधल्या बाइटांवरून काढलेला ठसा) जुळवा. इथे एक गोची आहे: 'ट्रॅक अ‍ॅट वन्स' (एकेक ट्रॅक वेगळा लिहिण्याच्या) पद्धतीने बर्न केलेल्या सीडीच्या शेवटचे दोन सेक्टर वाचताना एरर येते. डेटा शाबूत असतो, घाबरू नका. आयएसओच्या हेडरमधली (सुरुवातीच्या माहितीतली) सेक्टरसंख्या गुणिले २०४८, तेवढ्याच बाइटांचा हॅश काढा.

आणि हो, आपल्या मुंबईच्या पावसाळ्यात कपाटातल्या डिस्कवर बुरशी धरते. मऊ कापडाने मधून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नाही.