मदत हवी आहे: शनिवारी संस्थेत दमनविरोधी समाजकार्यावर सत्र घ्यायचंय

रानवाट:
शनिवारी दोन तासांचं सत्र माझ्या गळ्यात पडलंय. दमनविरोधी समाजकार्य म्हणजे कोण कुणाला दाबतं हे ओळखून, स्वतःच्या संस्थेतही, ते बदलायचं काम. हाताशी एमएसडब्ल्यूच्या (समाजकार्यातल्या पदव्युत्तर पदवीच्या) नोट्स तेवढ्या आहेत, त्यात सगळं ब्रिटन-कॅनडाचं. वंश, वर्ग, लिंग. जात शोधावी लागते. आमचं काम पारधी वस्त्यांवर. मागे विषय काढला तर वरिष्ठ म्हणाले, "आपल्याकडे कुणी जात पाळत नाही." व्याख्या वाचून दाखवायच्या नाहीयेत. काय घेऊ? लवकर सांगा प्लीज.

निंबोणी:
प्रिव्हिलेज वॉक घ्या. सगळे एका रेषेत. घरात पुस्तकं होती, एक पाऊल पुढे. आडनाव ऐकून घर नाकारलं, एक पाऊल मागे. मी नेहमी घेते. न बोलणारी माणसंही बोलायला लागतात.

कोरडवाहू:
अजिबात नको. आमच्याकडे घेतलं तेव्हा सगळ्यात मागे कोण राहिलं? वस्तीतून आलेले दोघं आणि सफाईच्या मावशी. पुढच्यांना जाणीव व्हावी म्हणून मागच्यांनी आपलं दुःख साहेबांसमोर मांडायचं? त्यातला एक जण नंतर आमच्यात चहाला बसेना.

निंबोणी:
सत्र घेणारा कच्चा असेल. नंतरची चर्चा नीट झाली तर असं होत नाही.

कोरडवाहू:
चर्चा कितीही चांगली झाली तरी पहिल्या तारखेला हातात तेवढेच पैसे पडतात.

तिसरा_मजला:
आधी माहिती द्या. माणसं किती? तुमचं पद काय? सत्र कुणाला हवंय? पारधी समाजातलं कुणी संस्थेत आहे का, आणि कुठल्या कामावर?

कायदा_आधी:
१० किंवा जास्त कर्मचारी असतील तर २०१३च्या कायद्याप्रमाणे लैंगिक छळाविरुद्ध अंतर्गत समिती लागतेच. ती आहे का ते आधी बघा.

यंदा_एमएसडब्ल्यू:
टिसमधल्या (टाटा सामाजिक विज्ञान संस्था) दलित-आदिवासी अभ्यासाच्या एमएसडब्ल्यूबद्दल कुणी सांगेल का? मुलाखतीत काय विचारतात?

रानवाट:
समिती आहे, तो प्रश्नच नव्हता. मी समन्वयक. निधी देणाऱ्यांना अहवालात सत्र दिसायला हवंय. माणसं १८. पारधी समाजातल्या दोघी आहेत, वस्ती कार्यकर्त्या, मानधनावर. बाकी सगळे पगारी. विश्वस्तांत त्या समाजाचं कुणी नाही.

तिसरा_मजला:
मग खरा विषय हाच, आणि तो तुम्ही आत्ता सांगताय! कॅनडापर्यंत जायची गरज नाही. बाबासाहेबांनी नोव्हेंबर १९३२ मध्ये ठक्करबाप्पांना लिहिलेलं पत्र काढा. ठक्करबाप्पा ज्या अस्पृश्यताविरोधी संघटनेचे सरचिटणीस होते आणि जी पुढे गांधीजींचा हरिजन सेवक संघ झाली, तिने काय करावं हे त्यात आहे. एकेका माणसाला सुधारत बसू नका. विहीर, शाळा, चावडी, सार्वजनिक वाहनं यांवरच्या हक्कांसाठी मोहीम काढा. आणि कामाला अस्पृश्य समाजातलेच कार्यकर्ते घ्या. पुढे कारभार सवर्णांकडेच राहिला, कारण गांधीजींच्या मते हे सवर्णांचं प्रायश्चित्त होतं. यातला एक उतारा मोठ्याने वाचा आणि विचारा, आपल्याकडे निर्णय कोण घेतं?

निंबोणी:
दोन तासांत विश्वस्त बदलणार आहेत का? तिला शनिवार निभवायचाय.

कोरडवाहू:
मग फॉर्म काढा. कुटुंब सर्वेक्षणात 'गुन्हेगारी पार्श्वभूमी' असा रकाना आहे का बघा. पारधींसारख्या अख्ख्या जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवणारा, १८७१पासून चालत आलेला गुन्हेगार जमाती कायदा १९५२ मध्ये गेला, पण हा रकाना मी स्वतः एका फॉर्मवर पाहिलाय. तो कुणी घातला, भरलेली माहिती कुणाच्या हाती जाते, एवढ्यावर अर्धा तास जाईल. मग विचारा: आसपास चोरी झाली आणि पोलीस वस्तीवर आले, तर आपला माणूस त्यांच्यासोबत ठाण्यात जातो, की "सहकार्य करा" एवढंच सांगतो? इथे कुणालाच रेषेत उभं करावं लागत नाही, संस्थाच समोर येते.

रानवाट:
रकाना आहे. शिवाय वार्षिक अहवालात मुलांचे फोटो आहेत, ते कुणाला विचारून घेतले ते कुणालाच माहीत नाही. फॉर्म, अहवाल आणि मानधनाचा तक्ता घेऊन बसते. पण त्या दोघींना सत्रात बोलवू, की आधी वेगळं विचारू? वरिष्ठांसमोर त्या गप्प असतात.

तिसरा_मजला:
आधी वेगळं भेटा. काय मांडायचं, काय नाही, ते त्यांना ठरवू द्या. नको म्हणाल्या तर आग्रह नको, त्यांच्या वतीने तुम्हीही बोलू नका. रकाना आणि तक्ता तुमच्या पदावरून तुम्ही मांडा, त्याचा त्रास त्यांना होता कामा नये. आणि बोलावलंत तर शनिवारचे पैसे द्या. पगारी माणसाचा तो कामाचा दिवस धरला जातो, त्यांचा बुडतो.

यंदा_एमएसडब्ल्यू:
मुलाखतीबद्दल कुणीतरी सांगा ना.