पार्किंगची भिंत पाडायची का? (टिळकवाडी, आमच्या सोसायटीचा ग्रुप)

सेक्रेटरी, सकाळी ९:१०
रविवारच्या मीटिंगमधला विषय परत टाकतोय. पार्किंगमधली मागची विटांची भिंत काढली तर आणखी दोन गाड्या बसतात. गवंडी सोमवारी यायला तयार आहे. कुणाची हरकत असेल तर आजच कळवा.

बी-१०३ वहिनी, ९:२६
त्याआधी एक विचारू का? काल रात्रीपासून सगळीकडं फिरालंय, दोन दिवसांत अरबी समुद्रात भूकंप होणार आणि कोकणात त्सुनामी येणार म्हणून. आमची मुलगी उद्या कॉलेजच्या सहलीला मालवणला निघाली आहे. घरात सगळे घाबरलेत. पाठवू की नको?

ए-३०४ काका, ९:४८
वहिनी, खुशाल पाठवा. अमुक दिवशी भूकंप होणार हे आज जगात कुणालाच सांगता येत नाही. मेसेजात तारीख दिसली की तो खोटा समजायचा.

मात्र अरबी समुद्रात त्सुनामी येतच नाही, असं मी म्हणणार नाही. २८ नोव्हेंबर १९४५ ला पहाटे मकरानच्या किनाऱ्याजवळ, म्हणजे आताच्या पाकिस्तानच्या दक्षिणेला, ८.१ तीव्रतेचा भूकंप झाला होता आणि त्याच्या लाटा मुंबईपर्यंत पोचल्या होत्या. समुद्राचा तळ अचानक वर-खाली सरकला की वरचं सगळं पाणीच हलतं. खोल समुद्रात ती लाट ताशी सातशे किलोमीटरच्या आसपास धावते आणि उंची इतकी कमी की जहाजावर कळतसुद्धा नाही. किनाऱ्याशी पाणी उथळ झालं की वेग घटतो आणि उंची वाढते.

तिथला हादरा मालवणात कदाचित जाणवणारही नाही. अशा वेळी आधार सरकारी सूचनेचाच. हैदराबादचं इन्कॉइस हे केंद्र २००७ पासून हे काम करतंय. भूकंप झाल्यावर काही मिनिटांत लाटेचा अंदाज काढतात. मुलीला एवढंच सांगा: किनाऱ्यावर असताना जमीन बराच वेळ जोरात हलली, किंवा समुद्र एकाएकी लांब मागं हटला, तर बघत थांबू नको, मासे वेचायला जाऊ नको, तडक उंचावर जा. पहिली लाट ओसरली म्हणून लगेच खाली उतरू नको. पुढची लाट मोठी असू शकते, आणि लाटा कित्येक तास येत राहतात.

बी-१०३ वहिनी, ९:५५
बरं वाटलं काका. लगेच सांगते तिला.

बी-२०२, १०:०२
बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरवर. आपल्याला त्सुनामीचं काय ओ? भिंतीचं ठरवूया की. गाड्या रस्त्यावर लावून रोज वाद होतात.

ए-३०४ काका, १०:३१
त्सुनामीचं आपल्याला काही नाही, खरं आहे. पण भूकंपाचं आहे, आणि त्याचा संबंध थेट त्या भिंतीशी आहे. जरा सविस्तर लिहितो, कृपा करून पूर्ण वाचा.

२६ जानेवारी २००१ ला भूजजवळ ७.७ चा भूकंप झाला. तिथून दोनशे किलोमीटरहून लांब असलेल्या अहमदाबादेत बहुमजली इमारती कोसळल्या. त्यातल्या बऱ्याच आपल्यासारख्याच होत्या, खाली मोकळं पार्किंग आणि वर फ्लॅट. वरच्या मजल्यांना विटांच्या भिंतींमुळं ताठपणा असतो. खाली नुसते कॉलम. जमीन हलली की वरचा भाग एकसंध डोलतो आणि वाकायचं सगळं काम त्या खालच्या कॉलमांवर येतं. शेतातल्या माचणावर पोत्यांची थप्पी लावून खांब हलवावेत, तसं. कॉलममधल्या उभ्या सळ्यांभोवतीच्या लोखंडी रिंगा विरळ असतील, त्यांचे हुक आत नीट वळवलेले नसतील, तर काँक्रीट फुटून बाहेर येतं आणि अख्खी इमारत एक मजला खाली बसते.

आपली ती मागची भिंत खालच्या मजल्याला थोडाफार ताठपणा देते. भिंत एकाच बाजूला असली की इमारत पिळवटते, तेही चांगलं नाही. म्हणून ती ठेवणंच बरोबर असंही मी छातीठोक सांगत नाही. हिशेब स्ट्रक्चरल इंजिनिअरनं करायचा, गवंड्यानं नाही.

बी-२०२, १०:४०
पण काका, बेळगावात भूकंपानं इमारत पडल्याचं मी तरी ऐकलं नाही.

ए-१०१, १०:५२
आज्जी शेजारी बसून सांगालीय, मी टाइप करतोय. कोयनेचा भूकंप झाला तेव्हा ती शहापुरात होती. पहाटे फळीवरची पितळेची भांडी खाली आली, सगळी माणसं रस्त्यावर. कुणाला काय झालं ते दुपारपर्यंत कळलं नव्हतं.

ए-३०४ काका, ११:१४
आज्जींना नमस्कार सांगा. तो ११ डिसेंबर १९६७. कोयनानगर आपल्यापासून सरळ रेषेत दोनशे किलोमीटरच्या आत आहे. १९६२ पासून कोयना धरणाचा जलाशय, शिवाजीसागर, भरायला लागला आणि तेव्हापासून तिथं धक्के सुरू झाले, ते आजही थांबलेले नाहीत. पाण्याचा भार आणि भेगांमधून खोल मुरणारं पाणी, यामुळं आधीच ताणात असलेले खडक सरकतात. पण म्हणून आपल्याकडच्या राकसकोप किंवा हिडकल धरणाची भीती धरू नका. देशात हजारो धरणं आहेत, कोयनेसारखं मोजक्याच ठिकाणी घडलंय.

कोयनेची तुलना भूजशी करून घाबरवायचं नाही मला. तीव्रता एक अंकानं वाढली की ऊर्जा सुमारे ३२ पट होते. त्या हिशेबानं भूजचा धक्का कोयनेच्या कित्येक पट मोठा होता.

पण ‘इथं कधी झालं नाही’ या वाक्याची मला खरंच भीती वाटते. किल्लारी त्या वेळच्या नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होतं. ३० सप्टेंबर १९९३, आदल्या दिवशी गणपती विसर्जन, माणसं दमून झोपलेली. पहाटे चारच्या सुमाराला ६.२ चा धक्का बसला. दगड-मातीच्या जाड भिंती आणि माळवदाचं ओझं अंगावर पडून दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. जमीन हलून माणूस क्वचितच मरतो, घर पडून मरतो. इमारती बांधायला आपण जो नकाशा वापरत आलो त्यात बेळगाव तिसऱ्या झोनमध्ये आहे, म्हणजे मध्यम धोका. अशा ठिकाणी नीट बांधलेली इमारत टिकते. आपली नीट बांधलेली आहे का, हे आपण कधी तपासलेलंच नाही.

आणि वॉचमनची खोली पार्किंगमध्येच आहे. बायको आणि दोन लेकरं घेऊन तो तिथं झोपतो. निर्णय घेताना त्या चौघांचा विचार आधी करा, एवढी माझी विनंती आहे.

बी-२०२, ११:२०
हे डोक्यातच नव्हतं आलं. माझी हरकत नाही, तपासून घेऊ.

सेक्रेटरी, ११:३३
गवंड्याला सोमवारी येऊ नको म्हणून कळवलं. इंजिनिअरचा खर्च मेंटेनन्सच्या शिल्लकीतून निघेल. गच्चीवर आणखी एक पाण्याची टाकी बसवायची होती, तीही त्यांना विचारूनच.

बी-१०३ वहिनी, ११:४१
घरात असताना धक्का बसला तर पळत खाली जायचं का?

ए-३०४ काका, ११:५०
हलत असताना जिना नको, लिफ्ट तर नाहीच. भक्कम टेबलाखाली बसून त्याचा पाय घट्ट धरायचा, डोकं झाकायचं, काचा आणि बाल्कनीपासून लांब. थांबलं की गॅसचा रेग्युलेटर बंद करून जिन्यानं उतरायचं आणि इमारतीपासून दूर मोकळ्यावर उभं राहायचं, मागून छोटे धक्के येतातच. गोदरेजची कपाटं आजच भिंतीला क्लॅम्पनं बांधून घ्या, पोरांच्या खाटेजवळची आधी.

ए-१०१, १२:०५
बिल्डरनं दिलेली आरसीसी ड्रॉइंग बाबांच्या फायलीत आहेत. संध्याकाळी आणून देतो, इंजिनिअरना लागतील.