आईबाबांचा व्हिजिटर व्हिसा : तुमचे अनुभव लिहा

ओसरी :
काल ऑफिसात नवीन आलेल्या मुलाने विचारलं, "ताई, आईसाठी इन्व्हिटेशन लेटर लिहायचंय, तुमचं जुनं आहे का?" ते शोधायला जुनं फोल्डर उघडलं तर बाबांचा व्हिसाचा फोटो समोर आला. मागे पांढरी भिंत, केस नीट मागे वळवलेले आणि बोर्डाच्या पेपराला बसलेल्या मुलासारखा चेहरा. बाबांना जाऊन तीन वर्षं झाली. पत्र त्या मुलाला पाठवलं, पण रात्री झोप लागली नाही, म्हणून इथे लिहितेय.

२०१३ ची गोष्ट. मी कॅनडात, मुलगी सात महिन्यांची. सुपर व्हिसा काढायचं ठरलं. तो २०११ च्या डिसेंबरात सुरू झाला होता आणि तेव्हा एका खेपेला दोन वर्षं राहता यायचं (२०२२ पासून पाच). वर्षभराचा किमान एक लाख कॅनेडियन डॉलरचा आरोग्य विमा, आमच्या मिळकतीचे कागद, बाबांची मेडिकल, सगळं जमवलं. मग राहिला एकच मुद्दा, मायदेशाशी असलेले बंध. म्हणजे हा माणूस परत जाईल याचा पुरावा.

मी फोनवर यादी सांगितली. सातबारा, पेन्शनचं पासबुक, घरपट्टीची पावती. बाबांनी सगळं लिहून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे मी लेकीकडे कायमचा राहणार नाही, हे मी लिहून द्यायचं का?" मी म्हटलं, हो, तसंच काहीसं. ते जरा थांबले. "बरं. देतो लिहून. खोटं थोडंच आहे."

त्यांनी खरंच फुलस्केपवर हाताने पत्र लिहिलं. शेवटची ओळ, "मृगाच्या आत परत येणे भाग आहे." मी भाषांतरात 'जूनचा पहिला आठवडा' केलं. व्हिसा आला, बाबा आले. मी कितीदा म्हटलं अजून थोडं राहा, दोन वर्षांची मुभा आहे. मे संपायच्या आत गेले.

तुमच्याकडे काय झालं, लिहा. कागदांचं लिहा, बाकीचंही लिहा.

पाऊसवेडी :
मृगाच्या ओळीशी थांबले. कुकर लावलाय, सावकाश येते.

कोकणकडा :
अमेरिका. आई एकटी, वय ६८. बीकेसीला एक दिवस ठसे-फोटो, दुसऱ्या दिवशी मुलाखत. महिनाभर रोज व्हिडिओ कॉलवर सराव घेतला, प्रॉपर्टी, एफडी, भावाची नोकरी, सगळं पाठ. प्रत्यक्षात तीन प्रश्न. कोणाकडे चाललात, मुलगा काय करतो, किती दिवस राहणार. आई मराठीतच बोलली. फाईल उघडायलाही सांगितली नाही. बाहेर येऊन मला म्हणते, एवढं पाठ केलेलं वायाच गेलं की रे!

एक सांगतो. तिकडच्या कायद्यात २१४ (बी) कलमच असं आहे की येणारा माणूस कायमचा राहायलाच येतोय असं धरून चालायचं, आणि तसं नाही हे अर्जदाराने पटवायचं. त्यामुळे मुलाखतीत कोणी कोरडं बोललं तर आईवडिलांनी मनाला लावून घेऊ नये. आधीच समजावून ठेवा. दुसरं, व्हिसा दहा वर्षांचा मिळाला म्हणजे दहा वर्षं राहता येतं असं नाही. उतरल्यावर आय-९४ वर, म्हणजे प्रवेशाच्या नोंदीवर, जी तारीख पडते ती खरी. बहुतेक वेळा सहा महिने. त्याच्या पुढे एक दिवसही नको.

झुळूक :
आमच्याकडे आईचे ठसे उमटेनात. एकदा, दोनदा, तीनदा. तिथल्या मुलीने ओला रुमाल दिला, म्हणाली आजी घाई नाही, बसा जरा. चौथ्यांदा आले. आईने घरी येऊन फोन केला, "अगं, बोटंच झिजली की काय माझी?" चाळीस वर्षं राखेने भांडी, दगडावर कपडे. इकडे माझा डिशवॉशर चालू होता, त्याचा आवाज तिला जाऊ नये म्हणून मी दुसऱ्या खोलीत गेले.

ज्यांचे आईवडील कष्टाचं काम करतात त्यांनी आठ-दहा दिवस आधीपासून रात्री हातांना तेल किंवा व्हॅसलीन लावायला सांगा. ठसे द्यायच्या दिवशी मात्र हात कोरडे हवेत.

तिफण :
झुळूक, आमच्या आजीचं रेशनच्या दुकानात दर महिन्याला हेच. 😔
सातबाऱ्यावरून आठवलं, भाऊ भाषांतर करत होता तो दोन दिवस 'पोटखराबा'वर अडला. शब्दशः केलं तर पोटाचा आजार वाटेल म्हणून सोडून देत होता.

कोकणकडा :
सोडायचं नाही! लागवडीयोग्य नसलेलं क्षेत्र असं लिहायचं.

तिफण :
हो, शेवटी तेच लिहिलं. आमचं निम्मं रान तेच आहे. 😀

दूरदेशी :
जर्मनी. नव्वद दिवस, तेही कुठल्याही १८० दिवसांत. विमा किमान ३०,००० युरोचा. आणि आपण इथल्या परदेशी नागरिकांच्या कार्यालयात जाऊन 'फेरप्फ्लिश्टुंग्सएर्क्लेरुंग' घ्यायचं, म्हणजे पाहुण्यांचा सगळा खर्च माझ्यावर असं हमीपत्र. बाबांनी तो शब्द तोडून तोडून पाठ केला आणि गावात पारावर सगळ्यांना म्हणून दाखवायचे. अजूनही म्हणतात.

शेवंतीची_आई :
माझ्या सासूबाईंच्या पासपोर्टवर आडनावाचा रकाना कोरा, पूर्ण नाव एकाच ओळीत. अमेरिकेच्या व्हिसावर नावाच्या जागी एफएनयू (फर्स्ट नेम अननोन, म्हणजे नाव माहीत नाही) छापून आलं. त्या घाबरल्या, हे कोणाचं आलंय. घाबरू नका, पासपोर्टवर दोन भाग नसले की तसंच येतं. पण वेळ असेल तर पासपोर्ट आधी दुरुस्त करा. माहेरचं नाव, सासरचं नाव, शाळेच्या दाखल्यावरचं तिसरंच, आपल्या आयांच्या पिढीत हे घरोघरी आहे.
अवांतर : व्हीलचेअर तिकीट काढतानाच सांगायची की विमानतळावर मिळते? आई पुढच्या महिन्यात एकटी येतेय.

पाऊसवेडी :
तिकीट काढतानाच. लाजू नका म्हणावं, चालता येत असलं तरी घ्या. रांगा आणि भाषा दोन्ही सुटतात.

सातासमुद्रा :
आम्हाला नकार आला. देश सांगत नाही. बाबा गेल्यावर सहा महिन्यांनी आईचा अर्ज केला होता. आई एकटी, मी एकुलता एक, तोही बाहेर, घर माझ्या नावावर. कागदांवरून पाहिलं तर तिने परत जावं याचं एकही कारण दिसत नव्हतं. सगळं खरं लिहिलं होतं आणि तेच आडवं आलं. बायकोचं बाळंतपण आईविना झालं. आईने फोनवर एवढंच विचारलं, माझं काही चुकलं का रे लिहिण्यात?
तेव्हापासून अर्ज केला नाही. दर डिसेंबरात आम्ही जातो.

झुळूक :
काय बोलू. आईंना नमस्कार सांगा.

कोकणकडा :
मित्रा, नकार म्हणजे कायमचा शिक्का नाही. परिस्थिती बदलली असेल तर पुन्हा भर. फक्त आधीचा नकार लपवायचा नाही, फॉर्ममध्ये विचारतात तिथे स्पष्ट लिहायचं. हवं तर मी कागद बघतो, व्यनि (खासगी निरोप) कर.

सातासमुद्रा :
करतो. आईला विचारून. आता तीच नको म्हणते.

गवतफूल :
घाईत. ऑस्ट्रेलियावाले, मंजुरीच्या पत्रात ८५०३ ही अट आहे का ते तिकिटाआधी वाचा. असेल तर तिथे आल्यावर मुक्काम वाढवण्याचा अर्ज सहसा करता येत नाही. आम्ही पत्र नीट वाचलं नाही, बारसं महिन्याने पुढे गेलं आणि आईला त्याआधीच परतावं लागलं. तिने शिवलेली कुंची घातली होती बाळाला, फोटो पाठवला.

पाऊसवेडी :
ओसरी, बाबांचं ते मृगाचं पत्र आहे का गं अजून?

ओसरी :
मूळ कागद गावाकडे कपाटात असेल, माझ्याकडे स्कॅन आहे. आत्ता तुमचं वाचून पुन्हा उघडला. खाली सही, तारीख, आणि त्याखाली बाबांनी आपणहून मोबाईल नंबर लिहिलाय. त्यापुढे लिहिलंय, "काही विचारायचे असल्यास सायंकाळी सातनंतर. दिवसा शेतात असतो."