गाड्या बंद केल्या की धंदा वाढतो, हे सरसकट सांगू नका

हार्डवेअरवाला:
काल इथे एकाने लिहिलं, "बाजारपेठेतून गाड्या हटवा. दुकानदार आधी बोंब मारतात, नंतर तेच आभार मानतात." वाचून डोकं फिरलं. माझं गिऱ्हाईक फिरायला येत नाही. सिमेंटची गोणी, पाइप, रंगाचे डबे घ्यायला येतं. रस्ता बंद झाल्यावर ते बाहेरच्या रस्त्यावरच्या दुकानात गेलं, ते गेलंच. डेन्मार्कच्या कोपनहेगनचे दाखले देणाऱ्यांनी कॅलमझूचंही वाचावं. अमेरिकेत १९५९ साली तिथल्या बाजारातून गाड्या हटवल्या, १९९८ मध्ये काही भागात परत सोडाव्या लागल्या. तिकडचे असे बहुतेक रस्ते पुन्हा गाड्यांना खुले झाले.

पायीपायी:
अर्धंच सांगताय. तिथलं गिऱ्हाईक उपनगरातल्या मॉलकडे आधीच वळलं होतं. कोपनहेगनचा स्ट्रॉगेट हा बाजाराचा रस्ता १९६२ साली गाड्यांना बंद केला तेव्हा तिथले दुकानदारही तुमच्यासारखेच चिडले होते. आज तो भरलेला असतो. इंग्लंडमधल्या ब्रिस्टलमध्ये दुकानदारांना विचारलं, किती गिऱ्हाइकं गाडीने येतात? त्यांचा अंदाज प्रत्यक्षापेक्षा खूपच जास्त निघाला. दारात लावलेली गाडी डोळ्यांत भरते, चालत आलेला माणूस भरत नाही.

हार्डवेअरवाला:
डोकी मोजू नका, बिलं मोजा.

पायीपायी:
मग महिन्याची मोजा. चालत येणारा एका वेळी कमी घेतो, पण वरचेवर येतो.

टेम्पो:
गिऱ्हाइकावरून भांडताय, माल कोण आणतो? आम्हाला सकाळी दहापर्यंतच आत सोडतात. दुकानाचं शटर उघडतं साडेदहाला. मग गाडी नाक्यावर लावायची आणि माल हातगाडीवर. नव्या शोभेच्या फरशीच्या सांध्यात चाक अडकलं, काचेची अख्खी पेटी आडवी झाली. पैसे माझ्या भाड्यातून कापले. रस्ता सुंदर करताना हातगाडीचा विचार कुणी केला?

पायीपायी:
दुकानदारांनी लवकर उघडावं.

काउंटरवरची:
लवकर उघडणार कोण? मालक नाही, मी. पहाटे उठून मुलांचं आवरून पहिली बस धरायची, आणि पगार तोच. दुसऱ्याच्या झोपेवर योजना आखू नका.

पायीपायी:
मी तुमच्या पगाराबद्दल बोललोच नव्हतो.

काउंटरवरची:
तेच तर! कुणीच बोलत नाही.

शिलाईवाला:
आमच्या रस्त्यावर गर्दी वाढली, हे खरं आहे. माझ्याकडेही कपडे जास्त यायला लागले. वर्ष सरलं आणि जागामालकाने भाडं इतकं वाढवलं की मशीन उचलून गल्लीत जावं लागलं. जुन्या जागेत आता मोठ्या साखळीचं दुकान आहे. आकड्यांत बाजार वाढलेलाच दिसेल.

हार्डवेअरवाला:
ऐका, पायीपायी!

पायीपायी:
भाडेवाढ रोखायला करार लांब मुदतीचे हवेत, त्यासाठी गाड्या परत आणायची गरज नाही. जड मालाच्या दुकानापाशी गाडी लागली पाहिजे, एवढं मान्य. बेल्जियममधल्या घेंट शहराने २०१७ साली मधला भाग गाड्यांना बंद ठेवला आणि भोवतीच्या शहराचे सहा भाग पाडले. त्या प्रत्येक भागात गाडी येते. एकातून दुसऱ्यात जायचं तर बाहेरच्या रिंग रोडने वळसा घ्यावा लागतो.

हार्डवेअरवाला:
हे आधी बोलायचं. नुसत्या आरपार जाणाऱ्या गाड्या अडवा, मी सही करतो. त्या माझ्या दुकानापाशी कधी थांबल्याच नाहीत. पण "बोंब मारतात" हे खोडून काढा, त्याशिवाय मी पुढे बोलणार नाही.

टेम्पो:
तुमचं जमलं. माझ्या दहाच्या वेळेचं काय? ती बारापर्यंत वाढवा म्हणतोय, त्यावर कुणी काही बोलणार आहे का?