टीएमजे (कानापुढचा जबड्याचा सांधा) एमआरआयमध्ये डिस्क (सांध्यातली गादी) दिसत नाही, परत काढू का?

अक्कलदाढ: पेशंटचं तोंड दोन बोटांवर उघडत नाही, आधी कट्‌कट्‌ वाजायचं ते थांबलंय. एमआरआयच्या रिपोर्टात 'डिस्क नीट दिसत नाही', बस. शनिवारी पेशंट येतोय, लवकर सांगा.

चुंबक: कॉइल (सिग्नल पकडायला अंगाजवळ लावतात ती) कुठली? स्लाइस किती मिमीचे? तोंड उघडूनही काढलाय का?

हाडवैरी: सीबीसीटी (जबड्याचा 3डी एक्स-रे स्कॅन) करा, पाच मिनिटांत मोकळे.

चुंबक: सीबीसीटीत हाड दिसतं हो, डिस्क नाही.

हाडवैरी: कॉन्डाइलची (खालच्या जबड्याचं सांध्यातलं टोक) झीज तरी कळेल. डिस्क तर काहीही त्रास नसलेल्यांचीही सरकलेली सापडते.

चुंबक: म्हणूनच लक्षणांशी ताडून बघायचं. इथे आवाज बंद होऊन तोंड अडकलंय, म्हणजे डिस्क पुढे जाऊन अडकली असावी असा संशय घ्यायलाच हवा.

अक्कलदाढ: जुनी डोक्याची कॉइल, 5 मिमी, सरळ सॅजिटल (बाजूने दिसणारे उभे काप), तोंड मिटून.

चुंबक: मग काय दिसणार! डिस्क मधोमध जेमतेम मिलिमीटरभर जाड. स्लाइस 3 मिमी किंवा कमी हवेत. आधी अ‍ॅक्सिअल (आडवे काप) काढून दोन्ही कॉन्डाइलचा कोन वेगवेगळा घ्या, सॅजिटल त्याला काटकोनात. पीडी (प्रोटॉन डेन्सिटी) सिक्वेन्स, म्हणजे एमआरआयचा एक प्रकार, डिस्कसाठी, फॅट (चरबीचा सिग्नल) दाबलेला टी2 सिक्वेन्स सांध्यातल्या पाण्यासाठी. मिटताना दाढा पूर्ण टेकलेल्या हव्यात. डिस्कचा मागचा जाड पट्टा कॉन्डाइलवर साधारण बाराच्या काट्याला हवा. उघडल्यावरही डिस्क पुढेच राहिली तर ती जागेवर येत नाही हे नक्की.

शेकशेगडी: रात्री दातांना गार्ड, गरम शेक, पातळ आहार. बघा फरक.

हाडवैरी: ते कोणी विचारलंय?

अक्कलदाढ: तोंड उघडं धरून ठेवणार कसं? थरथरतं.

चुंबक: पुढच्या दातांत सिरिंजची नळी आडवी धरायला द्या, दुखणार नाही इतपतच. जोर लावला की पेशंट हलतो आणि सगळं पुसट. उघड्या तोंडी फक्त पीडी, झटपट. दातांना तारा आहेत का?

अक्कलदाढ: हो, स्टीलच्या. सांगायचं राहिलं.

चुंबक: हे आत्ता सांगताय? आर्चवायर (ब्रॅकेटांतून जाणारी तार) काढून पाठवा. ब्रॅकेट आणि दाढांच्या बँडमुळे तरी फॅट दाबणं फसेल, म्हणून तिथे स्टिर (फॅट दाबायची दुसरी पद्धत, धातूने कमी बिघडते) मागा.

अक्कलदाढ: कॉन्ट्रास्ट? सेंटरवाले म्हणतात टीएमजे कॉइल नाही, गुडघ्याची लावू.

चुंबक: कॉन्ट्रास्ट संधिवाताचा संशय असेल तरच. आणि गुडघ्याच्या कॉइलमध्ये डोकं घालणार कसं? छोट्या फ्लेक्स (लवचिक) कॉइल दोन, प्रत्येक कानापुढे एक. त्या नसतील तर दुसरं सेंटर बघा.