मदत हवी आहे: प्रोटॉनचा आलेख दहाव्या पायरीला ढासळतोय

नमस्कार मंडळी. कोथरूडच्या खोलीत बसून लॅटिस क्यूसीडी शिकतोय, म्हणजे क्वार्कना बांधणारं बल अवकाश-काळाच्या जाळीवर संगणकाने मोजायची पद्धत. प्रोटॉनमधल्या दोन अप आणि एका डाउन क्वार्कची वस्तुमानं जोडली तर जेमतेम 9 एमईव्ही (कणांच्या वस्तुमानाचं एकक) भरतात, प्रोटॉनचं मात्र 938. बाकीचं बहुतेक ग्लुऑन (क्वार्कना जोडून ठेवणारे कण) आणि क्वार्कच्या ऊर्जेतून येतं, हे कागदावर पटलं. कोडमध्ये उतरवताना घोडं अडलंय.

पायॉन या हलक्या कणाचं पठार, म्हणजे वस्तुमान वाचता येतं तो आलेखाचा सपाट भाग, सुरेख येतं. प्रोटॉनचे एरर बार मात्र काळाच्या दहाव्या पायरीनंतर आलेखाबाहेर! हा गोंगाट घातांकी वाढतो, ठाऊक आहे. मग स्मिअरिंग (क्वार्कचा स्रोत एका बिंदूऐवजी पसरट करणं) वाढवू की सोर्सेस (मोजणीचे आरंभबिंदू)? दहाव्या पायरीच्या बऱ्याच आधी फिट केलं तर प्रोटॉनऐवजी त्याच्या जास्त ऊर्जेच्या उत्तेजित अवस्थाच मोजत बसेन.

पुण्याच्या आयसर या विज्ञानसंस्थेतल्या परम ब्रह्म महासंगणकावर बाहेरच्याला वेळ मिळतो का? लॅपटॉप रात्रभर घरघरतो. खालच्या काकू विचारतात, "मिक्सर लावलास का रे?"